चार वाजताचा बँड

बँडच्या प्रत्यक्ष कार्यक्रमाला वादक आणि चाहते ‘गिग’ म्हणतात. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतल्या जॅझवादकांच्या तोंडी हा शब्द होता. पुढे रॉकबरोबर तो जगभर फिरला. महाराष्ट्रात ऑर्केस्ट्रा, लावणी आणि बेंजो पार्टीच्या धंद्यात त्याच अर्थाने ‘सुपारी’ चालते. ‘शनिवारी चिपळूणची सुपारी आहे’ म्हणजे शनिवारी तिथे वाजवायला जायचे आहे. दोन्ही शब्द वाजवणाऱ्याचे आहेत. त्यांत तारीख, बिदागी, गाडीभाडे सगळे येते, ऐकणारा तेवढा येत नाही. ऐकणाऱ्याच्या बाजूने पाहिले, तर गिग आणि मैफल यांत एक ठळक फरक दिसतो. मैफलीला श्रोता ठरावीक कलावंतासाठी जातो. गिगच्या पत्रकावर तीन, चार, कधी पाच नावे असतात आणि त्यांतले बहुधा एकच त्याच्या ओळखीचे असते. बाकीची त्याच तिकिटात वरकड मिळतात. नवा बँड सापडतो तो या वरकडीत.

पत्रकावरच्या नावांच्या क्रमाला ‘लाइनअप’ म्हणतात. सर्वांत मोठ्या अक्षरांतला तो ‘हेडलाइनर’. तो शेवटी वाजवतो. सर्वांत बारीक अक्षरांतला बँड पहिला. त्याची वेळ दुपारी चारच्या आगेमागे, हातात अर्धा-पाऊण तास, ऊन तोंडावर आणि समोर गर्दीऐवजी मैदान. त्याच्या अडचणी एवढ्यावर संपत नाहीत. कार्यक्रमाआधी प्रत्येक बँड आवाजाची चाचणी घेतो, तो ‘साउंडचेक’. ही चाचणी कार्यक्रमाच्या उलट्या क्रमाने होते. हेडलाइनर आधी, पहिला बँड सर्वांत शेवटी, म्हणजे पहिल्याची वाद्ये मंचावर लागलेलीच राहतात आणि कार्यक्रम लगेच सुरू करता येतो. सोय चांगली आहे. पण मोठ्यांची चाचणी लांबली की कात्री लागते ती धाकट्याच्या वेळेला. ड्रमचा संच बहुतेक ठिकाणी सामाईक असतो. ड्रमर स्वतःचा स्नेअर, झांजा आणि पायाचा पेडल तेवढा घेऊन येतो आणि मधल्या पंधरा-वीस मिनिटांत जोडून घेतो.

याचा परिणाम कानाला कळतो. पहिल्या बँडच्या पहिल्या गाण्यात गायकाचा आवाज गिटारखाली दबलेला असतो, बास घुमत असतो, कुठे तरी शिट्टी वाजते. कन्सोलवर बसलेला साउंड इंजिनिअर त्या बँडचा आवाज खऱ्या अर्थाने तेव्हाच पहिल्यांदा ऐकत असतो. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर तो घडी बसवत आणतो आणि तिसऱ्या गाण्याला बँड जसा आहे तसा ऐकू येतो. मुरलेला चाहता म्हणून तिसऱ्या गाण्याआधी मत देत नाही. नवखा चाहता पहिल्याच गाण्याला चहा प्यायला जातो आणि वर्षभराने त्याच बँडचे नाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकतो.

मुंबईत बँड ऐकण्याची सवय जुनी आहे. हॉटेलांतले गोव्याचे जॅझवादक, त्यांच्यातून हिंदी चित्रपटसंगीताला मिळालेले संयोजक, ही कथा अनेकदा सांगून झाली आहे. रॉकचा श्रोता घडला तो साठच्या दशकाच्या अखेरीस, आणि त्यात मोठा वाटा एका सिगारेटचा आहे. इम्पीरियल टोबॅको कंपनीने ‘सिमला’ या आपल्या ब्रँडच्या नावाने ‘सिमला बीट’ ही बँडस्पर्धा भरवली. देशभरच्या शहरांतले हौशी बँड तिथे येत. १९७० आणि १९७१ सालच्या स्पर्धेच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. आज त्या जगभरचे संग्राहक शोधत असतात, तेव्हा त्या जाहिरातीच्या खर्चात निघाल्या होत्या. मुंबईचा ‘सॅव्हेजेस’ हा त्या काळातला नावाजलेला बँड. जे. जे.मध्ये वास्तुकला शिकणारा शिवोलीचा रेमो फर्नांडिस पुढे या बँडमध्ये वाजवत असे. त्याच रेमोने १९८४ साली ‘गोवन क्रेझी’ ही कॅसेट शिवोलीच्या घरी, बहुतेक वाद्ये स्वतः वाजवून ध्वनिमुद्रित केली आणि स्कूटरवरून दुकानोदुकानी पोचवली. कंपनीवाचून गाणे श्रोत्यापर्यंत नेता येते, याचा हा सोपा पुरावा होता.

श्रोत्याला पत्ता मिळाला तो रंगभवनाचा. मुंबईत धोबी तलावाजवळ, सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या मागच्या अंगाला असलेले हे उघडे नाट्यगृह. १९७८ साली सुरू झालेल्या ‘जॅझ यात्रा’ महोत्सवाने इथे जगातले मोठे जॅझवादक आणले. पहिल्याच वर्षी सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्स आला होता. २६ मार्च १९८० रोजी इथेच ‘द पोलीस’ हा इंग्लंडचा बँड वाजला. कार्यक्रम भरवला होता ‘टाइम अँड टॅलेंट्स क्लब’ या समाजकार्य करणाऱ्या महिलांच्या संस्थेने, मदतनिधीसाठी. तीन वर्षांनी हा बँड जगातल्या सर्वांत मोठ्या बँडांत मोजला जाऊ लागला. मुंबईकरांनी त्याला धोबी तलावाला, भर वाढीच्या काळात ऐकले होते.

१९८६ साली रंगभवनातच फरहाद वाडिया यांनी ‘इंडिपेंडन्स रॉक’ सुरू केला. स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास, ऑगस्टच्या पावसात होणारा हा उत्सव ‘आय-रॉक’ या नावाने ओळखला गेला. एकामागून एक देशी बँड, समोर महाविद्यालयीन मुलांची गर्दी, अंगात काळे टी-शर्ट, पायात चिखल. त्या काळच्या श्रोत्याला परदेशी बँड प्रत्यक्ष ऐकायला मिळणे दुर्मीळ होते, म्हणून त्याची मागणी असे ती ‘कव्हर’ची: परक्या बँडचे गाणे जसेच्या तसे वाजवून दाखवा. जो बँड गिटारचा तुकडा हुबेहूब काढी त्याला टाळ्या. ‘आता आमचे एक गाणे’ म्हणणाऱ्याला ओरडा. हा श्रोता निर्दय होता आणि त्याच्या निर्दयपणात थोडा न्यूनगंडही होता. ‘रॉक मशीन’ने ही कोंडी फोडायला मोठी मदत केली. १९८४ साली जमलेल्या या बँडने १९८८ साली स्वतःच्या गाण्यांचा ‘रॉक अँड रोल रेनिगेड’ हा अल्बम काढला. गिटारवर महेश तिनईकर, गायनाला उदय बेनेगल. १९९३ साली बँडने ‘इंडस क्रीड’ असे नाव घेतले. नव्वदीच्या दशकात आलेल्या ‘पेंटाग्राम’पर्यंत येता येता चित्र पालटले होते. स्वतःचे गाणे नसलेल्या बँडला मोठ्या मंचावर जागा उरली नाही. २००५ साली पेंटाग्राम इंग्लंडच्या ग्लास्टनबरी महोत्सवात वाजवून आला.

रंगभवनाबाहेरच्या बँडची खबर श्रोत्याला लागे ती कागदावरून आणि कॅसेटवरून. १९९३ साली अमित सैगल यांनी अलाहाबादहून ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ हे मासिक सुरू केले. रॉकचे देशातले मुखपत्र मुंबईतून किंवा दिल्लीतून न निघता अलाहाबादेतून निघावे, यातच त्याची चिकाटी कळते. १९९७पासून त्यांनी ‘ग्रेट इंडियन रॉक’ हा उत्सव भरवला आणि निवडक बँडचे संकलनही काढले. शिलाँगचा किंवा कोचीचा बँड पुण्याच्या मुलाने पहिल्यांदा ऐकला, तो बहुधा अशा संकलनावर.

रंगभवन मात्र गेले. इमारत राहिली, आवाज गेला. २००० साली केंद्राचे ध्वनिप्रदूषण नियम आले. रुग्णालय, शिक्षणसंस्था आणि न्यायालय यांच्याभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरू लागला, आणि रंगभवनाच्या एका अंगाला महाविद्यालय तर जवळच कामा रुग्णालय. शांतता क्षेत्रात दिवसाची मर्यादा ५० डेसिबल आहे. दोन माणसांच्या साध्या गप्पाही ६०च्या आसपास जातात. रॉकचा प्रश्नच उरला नाही. नियम चुकीचा म्हणता येत नाही, कारण खाटेवरच्या रोग्याला ड्रम नको असतो. पण त्या जागेला पर्याय उभा राहिला नाही, हे नियमाचे नव्हे, शहराचे अपयश आहे. २००८ साली २६ नोव्हेंबरच्या दहशतवादी हल्ल्याच्या रात्री रंगभवन गल्लीचे नाव देशभर ऐकू गेले. पोलीस अधिकारी हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर यांना तिथेच वीरमरण आले. नव्या पिढीला ते नाव त्यासाठीच ठाऊक आहे. त्याआधी ते एका पिढीच्या तारुण्याचे नाव होते.

त्याच नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावरचा ध्वनिक्षेपकही बंद केला. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते, तेवढीच फट. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवातली रात्रभराची सत्रे याच नियमाने संपवली. पहाटेच्या रागांचा श्रोता आणि रॉकचा श्रोता एकमेकांच्या वाऱ्यालाही उभे राहत नाहीत, पण दोघांनाही घरी पाठवणारे घड्याळ एकच आहे. गिगच्या बाबतीत याचा एक अनपेक्षित फायदा झाला. शेवट दहाला बांधला गेल्यामुळे सुरुवात मागे सरकली आणि दुपारच्या वेळा भरण्यासाठी नव्या बँडांची गरज पडू लागली.

पुढची गोष्ट बंद दारांआडची आहे. जुहूच्या ‘रॅझबेरी ऱ्हायनोसरस’ या ठिकाणी मेटल आणि रॉकच्या बँडांना आसरा मिळाला. २००० साली साहिल मखिजाने सुरू केलेल्या ‘डेमोनिक रिझरेक्शन’सारख्या मुंबईच्या मेटल बँडांचे श्रोते अशाच जागांत जमले. डिसेंबर २००७मध्ये लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात ‘ब्लू फ्रॉग’ उघडले. गिरणगावात संगीत नवे नव्हते. तिथल्या चाळींनी आणि मैदानांनी शाहीर अमर शेख आणि अण्णाभाऊ साठे यांचा आवाज ऐकला होता. बंद गिरणीच्या जागी आलेल्या क्लबात जाणे शाहिरीच्या श्रोत्याला परवडले नसते, हेही खरे. पण ध्वनियंत्रणा गाण्यासाठी बसवलेली, जेवण दुय्यम, आणि आठवड्याच्या बहुतेक रात्री प्रत्यक्ष वादन, अशी जागा शहरात दुर्मीळ होती. २०१६ साली ती बंद झाली. क्लबातल्या गिगचे गणित असे की तिकिटातून बँडचे भागते न भागते. जागेचे भाडे निघते ते खाण्यापिण्यातून. शांतपणे गाणे ऐकून पाणी पिऊन घरी जाणारा उत्तम श्रोता हा मालकाच्या दृष्टीने सर्वांत वाईट गिऱ्हाईक.

डिसेंबर २०१०मध्ये पुण्याच्या कोरेगाव पार्कात ‘एनएच-सेव्हन वीकेंडर’चा पहिला उत्सव झाला आणि चार वाजताच्या बँडला पहिल्यांदा सन्मानाची जागा मिळाली. एका आवारात अनेक मंच आणि ते एकाच वेळी चालू. पुण्यात याच उत्सवात २०१२ साली ‘मेगाडेथ’ हा मेटल बँड आणि २०१७ साली गिटारवादक स्टीव्ह वाय येऊन गेले. गर्दी त्यांच्यासाठी जमली. पण ते वाजणार रात्री, आणि तीन दिवसांचे तिकीट काढलेला माणूस दुपारी मोकळा असतो. एका मंचावरून दुसऱ्याकडे जाताना वाटेत तिसऱ्यावरचे काही तरी कानावर पडते, पाय रेंगाळतात. या उत्सवाने महाराष्ट्रातल्या श्रोत्याला दिलेली खरी देणगी ही वाट आहे. ‘स्वरात्मा’, ‘सोलमेट’, ‘द लोकल ट्रेन’, पुण्याचाच ‘ईझी वाँडरलिंग्ज’, असे किती तरी बँड लोकांना चालता चालता सापडले. दुपारी १ ते ४ या वेळेबद्दल पुणेकरांची ख्याती सर्वांना ठाऊक आहे; त्या वेळेत उन्हात उभे राहून अनोळखी बँड ऐकणारे पुणेकर हा सांस्कृतिक इतिहासात नोंदवण्याजोगा बदल म्हणावा लागेल.

एकाच वेळी दोन मंचांवर दोन आवडते बँड आले की चाहत्यांच्या भाषेत तो ‘क्लॅश’. त्यावर तोडगे आहेत. अर्धा सेट इथे, अर्धा तिथे, हा सर्वांत वाईट. दोन्ही बँड अर्धवट राहतात आणि मधली दहा मिनिटे चालण्यात जातात. मित्रांनी वाटून घेणे आणि नंतर एकमेकांना सांगणे, हा बरा. ज्याचे रेकॉर्डिंग घरी मिळते त्याला सोडून जे मिळत नाही ते ऐकणे, हा जाणत्यांचा.

उभे कुठे राहायचे, यालाही शास्त्र आहे. सर्वांत पुढे, कठड्याला टेकून उभे राहणाऱ्याला वादकाची बोटे दिसतात, पण ऐकू येतात ते मंचावरचे अँप्लिफायर आणि ड्रम; गायकाचा आवाज दोन्ही बाजूंच्या मोठ्या स्पीकरमधून त्याच्या डोक्यावरून मागे जातो. भिंतीलगत आणि कोपऱ्यात बास साचतो. चांगले ऐकू येते ते साउंड इंजिनिअरच्या कन्सोलच्या आसपास, कारण तो तिथे बसून, तिथल्या कानाने आवाज जुळवत असतो. मेटलच्या गिगमध्ये पुढच्या भागात गोल मोकळा होतो आणि त्यात मुले एकमेकांवर आदळत नाचतात, तो ‘मॉश पिट’. बाहेरून ती हाणामारी वाटते. आत एक अलिखित कायदा आहे: कोणी पडला की सगळ्यांनी थांबायचे आणि त्याला उचलायचे. हरवलेला बूट किंवा चष्मा हात वर करून धरायचा. पंढरीच्या वाटेवरच्या रिंगणात ज्याने धक्के खाल्ले आहेत, त्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

कानांबद्दल मात्र श्रोता बेफिकीर असतो. अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्यसंस्थेचा हिशेब असा, की ८५ डेसिबलच्या आवाजात ८ तास राहिलेले चालते, आणि दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला ती १५ मिनिटांवर येते. रॉकच्या गिगमध्ये १०० सहज होतात. गिगनंतर रात्रभर कानात गुंजणारी शिट्टी ही पराक्रमाची खूण नसून इजेची आहे. औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे बोळे वरचे स्वर खातात. संगीतासाठी बनवलेले इअरप्लग सगळा आवाज सारख्या प्रमाणात उतरवतात. अनेक वादक ते घालून वाजवतात, आणि चाहते त्यांच्याकडून एवढी एक गोष्ट तेवढी उचलत नाहीत.

सेट संपला की नव्या बँडचे खरे काम सुरू होते. हेडलाइनर गाडीत बसून निघून जातो. चार वाजताचा बँड स्वतःची वाद्ये स्वतः उतरवतो आणि मग मैदानाच्या कडेला एका टेबलापाशी उभा राहतो. टेबलावर टी-शर्ट, स्टिकर, पूर्वी डेमो सीडी, आता एखादा क्यूआर कोड. या सामानाला ‘मर्च’ म्हणतात आणि छोट्या बँडच्या हातात त्या दिवशी जे पैसे पडतात त्यांत याचा वाटा मोठा असतो. स्पॉटिफाय भारतात फेब्रुवारी २०१९मध्ये आले. तेव्हापासून गाणे ऐकायला मिळणे हा प्रश्न उरला नाही, त्यातून पैसे मिळणे हा उरला. ॲप श्रोत्याला त्याच्या आवडीसारखेच आणखी देत राहते. गिगच्या लाइनअपला श्रोत्याची आवड ठाऊक नसते. ब्लूजसाठी आलेल्याला तिथे आधी अर्धा तास डेथ मेटल भोगावे लागते, आणि दहांतला एखादा त्या अर्ध्या तासात बाटतो.

सर्वांत लहान गिग दिवाणखान्यात होतात. लंडनमध्ये २००९ साली सुरू झालेल्या ‘सोफार साउंड्स’ची पद्धत मुंबई-पुण्यातही आली. श्रोत्याला कोण वाजवणार हे आधी कळत नाही, सतरंजीवर बसायचे, बोलायचे नाही. महाराष्ट्रात याला बैठक म्हणतात आणि ती लंडनच्या आधीपासून चालू आहे. फक्त इथल्या बैठकीत कोण गाणार हे माहीत नसेल तर कोणी आले नसते. मुंबईत ‘कंट्रोल ऑल्ट डिलीट’ या गिगने आणखी एक गाठ सोडवली. खर्च चाहत्यांनी वर्गणी काढून उभा करायचा आणि दारावर ज्याने त्याने झेपेल ते द्यायचे. गणेशोत्सवाच्या मंडळात वाढलेल्यांना ही अर्थव्यवस्था परकी वाटण्याचे कारण नव्हते.

भाषेचा मुद्दा राहतो. या गिगांची भाषा दीर्घकाळ इंग्रजी होती. ‘इंडियन ओशन’च्या २०००च्या ‘कंदिसा’ने आणि केरळच्या ‘अवियल’च्या २००८च्या मल्याळम अल्बमने दाखवले, की शब्द न कळणारा श्रोताही आपल्या मातीतल्या उच्चारावर डोलतो. पुण्यातल्या मराठी मुलांनी मल्याळम रॉक पाठ केला आणि मराठी रॉक ऐकला नाही, कारण तो फारसा नव्हता. आता थोडा आहे. ‘अभंग रिपोस्ट’ हा बँड संतांचे अभंग बास, गिटार आणि ड्रमवर घेऊन मंचावर येतो. ‘स्वदेसी’ या मुंबईच्या रॅप समूहात एमसी मवाली मराठीतून बोलतो. त्यांचे २०१९चे ‘द वारली रिव्होल्ट’ आरेच्या जंगलातल्या आदिवासींबद्दल आहे आणि त्यात तिथल्याच प्रकाश भोईर यांचा आवाज आहे. संख्या अजून हाताच्या बोटांवर मोजावी अशीच आहे. आठ कोटींहून अधिक लोकांच्या भाषेला ती शोभत नाही.

दुसऱ्या टोकाला मैदाने भरत आहेत. महालक्ष्मी रेसकोर्सवर जानेवारी २०२३पासून ‘लोलापलूझा’ हा महोत्सव भरतो. ‘कोल्डप्ले’ने जानेवारी २०२५मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये तीन रात्री वाजवले. एवढ्या मोठ्या कार्यक्रमालाही आधी वाजवणारा लागतोच. १६ मार्च २०२४ रोजी महालक्ष्मीला एड शीरनच्या आधी प्रतीक कुहाड गायला. तो तोवर नवा उरला नव्हता, आणि अडचण नेमकी ही आहे. मोठ्या मंचावरची पहिली जागाही आता नाव झालेल्याला मिळते. ज्या मधल्या आकाराच्या, स्वस्त, नेहमीच्या जागेत अनोळखी बँड पाचशे माणसांपुढे उभा राहून चुकू शकतो, ती जागा शहरात कमीच होत गेली आहे.

आय-रॉक काही वर्षांच्या खंडानंतर नोव्हेंबर २०२२मध्ये माझगावच्या बेव्ह्यू लॉन्सवर परत झाला. पाऊस नको म्हणून ऑगस्ट सुटला होता. उघड्यावरच्या गिगांचा हंगाम आता दिवाळीनंतर सुरू होतो आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत चालतो. तिकिटावर छापलेली वेळ दार उघडण्याची असते आणि पहिला बँड त्यानंतर बहुधा तासाभरात सुरू करतो. त्याच्यासाठी वेगळे तिकीट नसते.